टामियाचं १/४८ पी-५१डी मस्टँग: आज घ्यावं का, आणि चंदेरी कसं करावं?

चौथाकोट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाचं टामिया या जपानी कंपनीचं १/४८ मापाचं प्लास्टिक मॉडेल (किट क्र. ६१०४०) घ्यायचा विचार आहे. साचे १९९५ चे आहेत. त्याच मापात एअरफिक्सचं २०१७ चं आणि एडुआर्डचं २०१९ चं किट आहे, तेव्हा इतकं जुनं किट आज घेण्यात अर्थ आहे का, हा पहिला प्रश्न.

दुसरा पंखाचा. मस्टँगच्या पंखावरच्या पॅनेल लाइन (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा) बुजवायच्या असतात असं बरेच जण सांगतात. सगळ्या बुजवायच्या की काही ठेवायच्या? आणि कशासाठी?

तिसरा रंगाचा. उघड्या धातूचं विमान पहिल्यांदाच करतोय. एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, कॉम्प्रेसर छोटा, टाकीवाला. काम पुण्यात, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये होणार. विमान १९४४ च्या उन्हाळ्यातलं, इंग्लंडमधल्या अमेरिकी आठव्या हवाई दलाचं, पोटाखाली काळे-पांढरे आक्रमण-पट्टे (नॉर्मंडीच्या स्वारीसाठी मारलेले ओळखीचे पट्टे) असलेलं करायचंय. कुठला रंग आधी, कुठला नंतर, तेही सांगा.

दुहेरीसांधा:

घ्या. जोडणीच्या बाबतीत हे किट आजही नव्या किटांच्या बरोबरीनं उभं राहतं. आकारही बरोबर आहे. खऱ्या विमानाची लांबी ९.८३ मीटर, पंखविस्तार ११.२८ मीटर, ४८ नं भागलं की २०५ मिमी आणि २३५ मिमी. प्रोपेलरचा व्यास ३.४० मीटर, म्हणजे मॉडेलवर ७१ मिमी. मुख्य चाकांचे टायर २७ इंची, म्हणजे १४.३ मिमी. ही चार मापं कागदावर लिहून ठेवा, कुठलंही मस्टँगचं किट तपासायला पुरतात.

पंखाचा खालचा भाग धडाला जिथे मिळतो तिथे नवशिके घाईनं पुट्टी भरतात. इथे ती लागत नाही. धडाचे दोन अर्धे जोडताना आत कॉकपिटचा तळ किंवा मागची भिंत केसभर जरी तिरकी बसली, तरी धड फुगतं किंवा आवळतं आणि मग पंखाच्या मुळाशी फट दिसते. म्हणून कॉकपिट बसवल्यावर धड टेपनं बांधा, पंख गोंद न लावता खाली लावून बघा, आणि त्यानंतरच धडाच्या सांध्यात पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) सोडा. तरीही फट राहिलीच तर धडाच्या आत, पंखाच्या मुळाच्या उंचीवर, स्प्रूचा (भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना जोडून येतात त्यांचा) एक तुकडा आडवा ठोकून दोन्ही बाजू बाहेर ढकला. ०.२ मिमीची फट अशानं मिटते, मुळाजवळची पॅनेल लाइनही वाचते. नाकात वजन घालायची गरज नाही, शेपटीवर बसणारं विमान आहे.

आता चुका. सगळ्यात मोठी चाकांच्या कप्प्यांची. खऱ्या मस्टँगमध्ये कप्प्याची मागची भिंत म्हणजे पंखाचा मुख्य स्पार, पंख पेलणारी आडवी तुळई. तो दोन्ही कप्प्यांच्या मागून सरळ जातो. टामियानं मागची भिंत दाराच्या उघड्या तोंडाच्या आकारानंच वळवली आहे, त्यामुळे कप्पा उथळ आणि कोंदट दिसतो. एअरफिक्स आणि एडुआर्ड दोघांनी हे नीट केलंय. दुसरं, खुर्चीचे पट्टे डब्यात नाहीत. मास्किंग टेपच्या १ मिमी रुंद पट्ट्या रंगवून, मधोमध तारेचं बकल लावलं की भागतं. तिसरं, सरकत्या कॅनोपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) काच आणि तिची खालची चौकट हे दोन वेगळे भाग आहेत, आणि याच ठिकाणी सगळ्यात जास्त मॉडेलं बिघडतात.

एडुआर्डच्या धडावरचं रिव्हेटिंग (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळी) फार सुंदर आहे, प्रोफिपॅक डब्यात रंगीत एचिंगचे (पातळ पत्र्यातले) भाग आणि रंगवताना कॅनोपी झाकायचे कापलेले मास्कही मिळतात. पण सुटे भाग जास्त, वेळ जास्त. पहिल्यांदा धातूचा रंग करणाऱ्यानं जोडणीत दमून रंगाला घाई करू नये. या एका कारणासाठी मी टामिया सुचवेन.

स्पारवाला:

कप्प्यांबद्दल दोन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे सुरीनं मागची वळलेली भिंत कापून टाकायची आणि ०.५ मिमी जाडीच्या प्लास्टिक शीटची एक सरळ पट्टी दोन्ही कप्प्यांच्या मागे, एकाच रेषेत लावायची. पट्टीची उंची पंखाच्या वरच्या अर्ध्याला टेकणार नाही इतकीच ठेवा, नाहीतर पंखाची मागची कड बंद होत नाही. वरच्या अर्ध्याच्या आतून शीटच्याच चिंचोळ्या कापट्या लावल्या की आडव्या फासळ्या झाल्या. स्पारला क्रोमेट पिवळा (मिस्टर कलर ३५२ चालतो), बाकी कप्पा उघडं ॲल्युमिनियम. सगळा कप्पा हिरवा रंगवलेली मस्टँग मॉडेलं खूप दिसतात. १९४४ च्या विमानाला ते चूक आहे.

दुसरा मार्ग सोपा, आणि इतिहासालाही धरून आहे. आतली मोठी दारं हायड्रॉलिक दाबानं बंद राहत. इंजिन बंद केल्यावर दाब उतरला की ती हळूहळू खाली लोंबत, फ्लॅपही (पंखाच्या मागच्या कडेचे, धडाकडचे हलते भाग) तसेच खाली येत. म्हणजे दारं बंद आणि फ्लॅप वर असतील तर विमान नुकतंच उभं राहिलं आहे असा अर्थ, आणि त्यात खोटं काही नाही. दारं बंद लावली की कप्प्याची चूक झाकली जाते, फक्त चाकाच्या दांड्याची खाच दिसते. मात्र दारं बंद आणि फ्लॅप पूर्ण खाली, असं उभं विमान करू नका. दाराच्या बिजागऱ्या कापून, कड घासून, गोंद न लावता तीन-चार वेळा बसवून बघावं लागेल, कारण ती उघडी लावायची म्हणूनच साच्यात आली आहेत.

लॅमिनार:

पंखाचं मी सविस्तर लिहितो, कारण मस्टँग मस्टँगसारखी दिसते ती इथे.

या विमानाचा पंख लॅमिनार-फ्लो छेदाचा होता. हवा पृष्ठभागाला चिकटून, न खवळता जितकी लांब वाहील तितका ओढ कमी, आणि त्याला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. रिव्हेटचं एक डोकं किंवा पत्र्याची एक कड हे बिघडवायला पुरेशी. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण ४० टक्के रुंदीपर्यंतचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीनं भरून, घासून, प्रायमर देऊन वर ॲल्युमिनियम लॅकर मारत. म्हणजे मस्टँगचं धड उघड्या पत्र्याचं, पण पंख चंदेरी *रंगवलेला*. दोन्ही एकाच चमकदार रंगात करणं ही या विमानाच्या मॉडेलवरची सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

मॉडेलवर हा पुढचा पट्टा मुळाशी २० मिमीच्या आसपास आणि टोकाला जवळजवळ निम्मा येतो. पेन्सिलीनं रेघ मारून घ्या. त्या पट्ट्यातल्या आडव्या-उभ्या सगळ्या पॅनेल लाइन आणि रिव्हेट बुजवायचे. ठेवायचं ते एवढंच: बंदुकांची आणि काडतुसांच्या पेट्यांची झाकणं, पेट्रोल भरायची टोपी, टोकाचे दिवे. फ्लॅप आणि एलेरॉनच्या (मागच्या कडेच्या, टोकाकडच्या हलत्या भागांच्या) रेषा अर्थातच राहतात. मुळाजवळचा वळणदार भाग धडाचा, तो उघड्या धातूचा, त्याला हात लावू नका.

कशानं भरायचं? ट्यूबमधली पुट्टी या कामाला बरी नाही. ती वाळताना आकसते, रेषा आठवड्याभरात पुन्हा उमटते, आणि चंदेरी रंगाखाली अशी पुसट रेषा उघड्या रेषेपेक्षा वाईट दिसते. मिस्टर सरफेसर ५०० (घट्ट, भरणारं प्रायमर) बारीक ब्रशनं रेषेतच भरा, तीन पातळ हात, दोन हातांत किमान दोन तास, आणि शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस थांबा. पावसाळ्यात दोन. मग ६०० चा वॉटर पेपर सपाट रबराच्या तुकड्यावर गुंडाळून पाण्यात, पुढे ८००, १०००, १५००. बोटानं घासलं की बोटाच्या गादीमुळे रेषेच्या जागी पन्हळ पडते.

फेविक्विकनंही भरता येतं, आकसत नाही. पण लावल्यावर तासाभरात घासायला हवं. रात्रभर राहिलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं. मग पेपर आजूबाजूचं मऊ प्लास्टिक खातो आणि भरलेली रेषा उंचवट्यासारखी वर राहते.

तपासायची रीत: घासलेल्या पंखावर करड्या सरफेसरचा पातळ हात मारा आणि टेबलावरच्या दिव्याखाली पंख डोळ्याच्या पातळीला आडवा धरा. प्रकाश पुढच्या कडेवरून मागे सरकवत न्या. जिथे रेषा अजून जिवंत आहे तिथे प्रकाशाची धार किंचित मोडते, बोटाला मात्र काही लागत नाही. ती जागा खुणावून पुन्हा भरा. दोन फेऱ्या लागतातच, तिसरी लागली तर नवल नाही.

चौथाकोट:

ही माहिती सोन्यासारखी आहे. मागचा ६० टक्के भाग तसाच ठेवायचा का? आणि रंगाला धड आणि पंख वेगळे दाखवायचे तर कुठले दोन रंग?

लॅमिनार:

मागच्या भागातल्या रेषा ठेवा, पण लॅकरच्या थराखाली त्या पुसट दिसायच्या, म्हणून काळ्या वॉशनं (रेषांत सोडायच्या पातळ रंगानं) ठळक करू नका. फ्लॅप आणि एलेरॉन उघड्या धातूचे करा. रंगवलेल्या पंखावर ते वेगळे उठून दिसतात आणि बघणाऱ्याला फरक लगेच कळतो. रंगाचं पुढचे लोक सांगतीलच.

दमटहवा:

रंग आणि पावसाळा दोन्ही एकत्रच घेऊ.

धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा हवा, हा सल्ला सरसकट दिला जातो. तो आरशासारख्या चमकणाऱ्या रंगांसाठी खरा, म्हणजे क्रोम, पॉलिश्ड ॲल्युमिनियम वगैरे. युद्धातलं मस्टँग आरशासारखं नव्हतं. उन्हात-पावसात उभा असलेला तो पत्रा. त्यामुळे धडाला मिस्टर सरफेसर १५०० काळा, २००० च्या पेपरनं हलका घासून, पुरतो. चकचकीत काळा इनॅमल तर पावसाळ्यात टाळाच. वरून सुकल्यासारखा वाटतो, आतून ओला असतो, आणि वर लॅकर पडताच मगरीच्या कातडीसारखा फाटतो.

पंखाला टामियाच्या एलपी या लॅकर रंगांतला एलपी-११ सिल्व्हर दहा भाग, त्यात एलपी-२ पांढरा एक भाग. पांढऱ्यामुळे चमक थोडी मरते आणि रंगवलेला पृष्ठभाग वाटतो. पातळ करायला लॅकर थिनर, रंग एक भाग आणि थिनर दोन भाग. दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ६-७ सेंटीमीटर, आणि हात कायम चालता. धातूचे कण ओल्या थरात तरंगतात. एकाच जागी थांबलात तर ते एकीकडे गोळा होतात आणि ढगासारखा डाग पडतो. पातळ चार हात, प्रत्येकी पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं.

धडाला आणि फ्लॅप-एलेरॉनला एलपी-७० ग्लॉस ॲल्युमिनियम, किंवा अल्क्लॅडचं एएलसी-१०१ ॲल्युमिनियम. अल्क्लॅड पातळ करायचं नाही, बाटलीतून थेट. सगळं धड एका छटेत झाल्यावर पाच-सहाच पॅनेल निवडा, टेप लावून एएलसी-१०२ ड्युराल्युमिनियमचा एक पातळ हात मारा. एक्झॉस्टच्या भोवतीचं पॅनेल थोडं गडद चालेल. प्रत्येक पॅनेल वेगळ्या छटेचं केलं की विमान गोधडीसारखं दिसतं.

रडर (उभ्या शेपटीचा हलता भाग) कापडी होता, १९४४ च्या उन्हाळ्यातल्या विमानांचे एलेव्हेटरही (आडव्या शेपटीचे हलते भाग). कापडावर ॲल्युमिनियम डोप (कापड ताणून धरणारा लेप) असायचा, म्हणून या दोघांना पंखाचंच मिश्रण द्या. नाकावरचा चकाकीरोधक पट्टा ऑलिव्ह ड्रॅब, एक्सएफ-६२. कॉकपिटच्या बाजूच्या भिंती इंटिरियर ग्रीन, मिस्टर कलर ३५१ किंवा व्हॅलेहो ७१.०१०, पुढचं डायलचं पॅनेल काळं.

आता पुण्याचा जुलै. लॅकरचं थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेतली वाफ त्या गार थरावर बसते. रंग पांढुरका, सायीसारखा होतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असली की हे होणारच असं धरा. पंधरा मिनिटं पाऊस थांबला म्हणून आर्द्रता उतरत नाही. एक साधा हायग्रोमीटर टेबलावर ठेवा. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर आधी चालवा, खिडकी बंद, आणि धुराडं फवारण्यापुरतंच सुरू करा, कारण ते बाहेरची दमट हवा आत ओढतं. साध्या थिनरऐवजी मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा. त्यात रिटार्डर असतो, उडायला वेळ लागतो, साय धरत नाही. साध्या रंगावर साय आली तर लेव्हलिंग थिनरचा नुसता फवारा मारून ती घालवता येते. चंदेरीवर तसं करू नका, कण पुन्हा वाहतात. वाळू द्या, २००० नं घासा, परत मारा.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काम सुरू करायच्या आधी तळाच्या नळानं सोडा. पाणी अडवणारा सापळा कॉम्प्रेसरपाशी असून पुरत नाही, हवा नळीत गार होते आणि पाणी तिथेच सुटतं. छोटा सापळा एअरब्रशला नळी जोडते तिथे बसवा. चंदेरी रंगात पडलेला पाण्याचा एक थेंब म्हणजे अख्खं पॅनेल नव्यानं.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर फक्त ब्रश धुवायला. मॉडेलवर मारायच्या रंगात नको. त्याचं मिश्रण डब्यागणिक बदलतं आणि जहाल असलं तर प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

सहाबंदुका:

थांबा, एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. प्रश्नकर्ते १९४४ चा उन्हाळा म्हणताहेत.

पी-५१डी च्या पहिल्या विमानांना उभ्या शेपटीच्या पुढची तिरकी पट्टी नव्हती. मागची पाठ कापून बुडबुड्यासारखी कॅनोपी आणली, त्यानं बाजूची स्थिरता घटली, म्हणून ती पट्टी पुढे जोडण्यात आली. पी-५१डी-५-एनए या उत्पादन-तुकडीतली विमानं, म्हणजे ४४-१३२५३ पासून पुढची, जून-जुलैमध्ये इंग्लंडला पोचली तेव्हा त्यांतली बरीच पट्टीविना होती. नंतर तळांवरच ती बसवली गेली. टामियाच्या किटमध्ये ही पट्टी धडाशी एकसंध आहे.

तुमच्या विमानाचा क्रमांक शेपटीवर बघा. वर्षाचा पहिला आकडा गाळून लिहायची पद्धत होती, म्हणजे ४४-१३ नं सुरू होणारा क्रमांक शेपटीवर ४१३ नं सुरू होतो. असा क्रमांक आणि उन्हाळ्यातला फोटो असेल तर त्या फोटोत पट्टी आहे की नाही ते आधी ठरवा, मगच डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) निवडा. काढायची असेल तर धड जोडून सांधा पूर्ण वाळल्यावर काढा, आधी नाही. पट्टी आतून पोकळ असते, घासताना भोक पडू शकतं, म्हणून धड बंद करण्याआधी आतून त्या जागी एम-सील भरून ठेवा. मग सपाट फाइलनं पाठीच्या रेषेपर्यंत आणा, फिनची (उभ्या शेपटीची) पुढची कड गोल करा आणि फिनच्या मुळाची रेषा टेपच्या आधारानं पुन्हा कोरा.

त्याच काळासाठी बंदुकांचा नेम धरायची काच (गनसाइट) एन-९ हवी. के-१४ शरद ऋतूत आली. काचेमागे इतकी ठळक बसलेली वस्तू आहे की जाणकाराची नजर पहिली तिथेच जाते.

नऊमिमी:

पट्ट्यांचं गणित. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, पाच पट्टे: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. १/४८ मध्ये एक पट्टा ९.५ मिमी, पाच मिळून ४७.६ मिमी. पंखावर बाहेरचा पट्टा राष्ट्रचिन्हाच्या आतल्या बाजूला ६ इंच सोडून संपतो, म्हणजे ३.२ मिमी. धडावर सर्वांत मागचा पट्टा आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेपासून १८ इंच पुढे. अमेरिकी विमानात पंखाखालचं चिन्ह फक्त उजव्या बाजूला असतं, तेव्हा डाव्या पंखाखाली उजव्याचं माप आरशासारखं उतरवून घ्या. तिथे चिन्ह नाही म्हणून अंदाजानं पट्टे मारले की दोन्ही बाजू जुळत नाहीत.

वरचे पट्टे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात काढायला लावले, पोटाखालचे १९४४ च्या अखेरीपर्यंत दिसतात. म्हणजे तुम्हाला हवं तसं विमान जुलै-ऑगस्टचं.

क्रम असा ठेवा: पट्टे आधी, चंदेरी नंतर. पोटाखाली पांढरा मारा, एक दिवस वाळू द्या, ९.५ मिमीच्या टेपनं पांढरे झाका, काळा मारा. तेवढाच भाग झाकून मग पंखाचं चंदेरी. उलट केलंत तर ताज्या चंदेरीवर टेप चिकटवावा लागतो, आणि पांढऱ्याला चंदेरी झाकायला इतके थर लागतात की पट्ट्याच्या कडेला बांध तयार होतो. पांढरा निव्वळ शुभ्र नको, एलपी-२ मध्ये करड्याचा थेंब टाका. खरे पट्टे घाईत, ब्रशनं मारलेले होते, कडा किंचित वाकड्या असल्या तर बिघडत नाही. पट्टे चाकांच्या दारांवरूनही जातात, म्हणून दारं पांढऱ्या टॅकनं (नंतर निघणाऱ्या चिकट गोळ्यानं) जागेवर बसवून पंखाबरोबरच रंगवा.

चौथाकोट:

पट्टीचं माझ्या लक्षातच नव्हतं. निवडलेल्या विमानाचा क्रमांक ४१३ नंच सुरू होतो, फोटोत पट्टी नाही. म्हणजे काढावी लागणार.

दोन शेवटचे प्रश्न. कॅनोपीची काच चौकटीला कशानं चिकटवू? आणि पातळ सिमेंट संपलंय, ते ज्वलनशील म्हणून विमानानं पाठवत नाहीत, रस्त्यानं यायला वेळ लागतो. तोवर दुसरं काही?

दुहेरीसांधा:

कॅनोपी आधी. काच स्प्रूवरून कटरनं कापू नका, दाबानं कडेला पांढरी चीर जाते आणि ती निघत नाही. बारीक दातांच्या करवतीनं, काचेपासून १ मिमी लांब कापा आणि उरलेलं १००० च्या पेपरनं घासा. चौकट आधी पूर्ण रंगवून वाळवा, कारण चिकटवल्यावर तिची आतली बाजू काचेतून दिसते आणि तिथे ब्रश पोचत नाही. चिकटवायला फेविकॉल एमआर, टूथपिकच्या टोकानं चौकटीच्या खाचेत धाग्याइतका. काच बसवा, दोन्ही टोकांना टेपची पट्टी लावून एक रात्र ठेवा. बाहेर आलेला गोंद ओल्या इअरबडनं लगेच पुसा. फेविक्विक इथे चालत नाही, त्याची वाफ काचेवर आतून धुक्यासारखी बसते. सिमेंट तर केशाकर्षणानं काचेखाली शिरून काच विरघळवतं.

सिमेंटऐवजी ॲक्रिलिक शीटचं काम करणाऱ्यांकडे मिळणारं डायक्लोरोमिथेन चालतं. ते लोक त्याला बहुधा क्लोरोफॉर्मच म्हणतात. पॉलिस्टायरीन ते चांगलं जोडतं, पण फार लवकर उडतं. सांधा आधी दाबून धरा आणि ब्रशचं टोक फक्त टेकवा, लावून मग जोडायला गेलात तर तोवर सुकलेलं असतं. काचेच्याच बाटलीत ठेवा. वाफ घातक आहे, खिडकी उघडी, पंखा बाहेर तोंड करून, आणि सलग बसून काम नको. रंग दिलेल्या पृष्ठभागाजवळ आणि कॅनोपीजवळ ते बिलकुल आणू नका.

दमटहवा:

डिकलचं एक जोडतो. टामियाची डिकल जाड असतात. अक्षरांभोवतीची पारदर्शक फिल्म चंदेरीवर स्पष्ट दिसते, ती अक्षराच्या कडेला लागून नव्या पात्यानं कापून टाका. पाणी साधारण ४० अंश कोमट, डिकल कागदावर स्वतः सरकेपर्यंत थांबा. खाली मार्क फिट (डिकल मऊ करून बसवणारं द्रव, सॉफ्टनर), वर ओल्या इअरबडनं मधून कडेकडे दाब. लॅकरचं चंदेरी सॉफ्टनर सहन करतं. ॲक्रिलिक धातूच्या रंगावर मात्र स्ट्राँग सॉफ्टनरचा गोल डाग पडतो, तेव्हा कुठल्यातरी झाकल्या जाणाऱ्या भागावर आधी थेंब टाकून बघा. डिकल वाळल्यावर धडावर क्लिअर मारू नका, पत्र्याची चमक करडी पडते. फक्त पंखावर सेमी-ग्लॉसचा एक पातळ हात द्या, म्हणजे रंगवलेला पंख आणि उघडं धड यांतलं अंतर शेवटी आणखी थोडं वाढतं.

सहाबंदुका:

पट्टी घासून झाली की फिनच्या मुळाशी काळ्या सरफेसरचा हात मारून बघा, चंदेरीच्या आधी. एम-सील आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर हमखास बारीक खाच राहते. ती पाठीच्या मधोमध येते, आणि कॅनोपीच्या मागे नजर नेमकी तिथूनच शेपटीकडे जाते.